पुण्यातल्या साइटसारखीच पैठणीची साइट नाशिकहून काढायची आहे, कायद्यात कुठे अडकेन?

काठपदर

नमस्कार. येवल्याच्या विणकरांकडून हातमागाच्या पैठण्या घेऊन नाशिकहून ऑनलाइन विकायच्या आहेत. सुरुवात कॉलेज रोडच्या राहत्या घरातून, मी आणि एक भागीदार. असंच काम करणारी पुण्याची एक साइट काही वर्षं चालू आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. व्हिडिओ कॉलवर साडी उलगडून दाखवणं, प्रत्येक साडीबरोबर विणकराच्या नावाची चिठ्ठी, हप्त्यांनी पैसे, सात दिवसांत परत घेणं, हे सगळं ते करतात. मलाही हेच करायचं आहे, कारण एवढ्या किमतीची साडी हात न लावता घेणाऱ्या बाईला याच गोष्टींनी भरवसा वाटतो.

त्यांच्या नावात ‘पैठणी’च्या आधी एक शब्द आहे. माझ्या मनात जे नाव बसलं आहे त्यातही तोच शब्द आहे, फक्त शेवट थोडा वेगळा. डेव्हलपर म्हणतो, त्यांची साइट जशीच्या तशी ४०,००० रुपयांत उभी करून देतो, रंग बदलून. भागीदार आधी त्यांच्याकडेच ऑर्डरचं काम बघायची. नोकरी सोडून चार महिने झाले. तिच्या करारात दोन वर्षं स्पर्धक व्यवसाय करणार नाही असं कलम आहे. आणि ‘पैठणी’ला जीआय, म्हणजे भौगोलिक निर्देशन आहे म्हणतात, मग हा शब्द मला वापरता येतो का?

शॉप अ‍ॅक्टची पावती आणि उद्यम नोंदणी झाली आहे, दोन्ही याच नावानं. डोमेनही घेतलं आहे. म्हणजे नाव तरी माझं झालं ना?

नोंदवही

ताई, व्हिडिओ कॉल, चिठ्ठी, हप्ते, परतीची मुदत, यांतलं काहीही त्यांच्या मालकीचं नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं आहे. व्यवसाय करण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये ते सरळच लिहिलं आहे. तेव्हा सेवा त्यांच्यासारखी असण्यात काही गैर नाही. गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणजे तेच, किंवा त्यांचीच नाशिकची शाखा, असं वाटलं तर मात्र प्रकरण कोर्टात जातं. असं वाटण्याची पहिली जागा म्हणजे नाव, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे.

नाव तुमचं झालेलं नाही. शॉप अ‍ॅक्टची पावती म्हणजे दुकान सुरू असल्याची शासनाला दिलेली खबर. उद्यम म्हणजे उद्योगाच्या आकाराची नोंद. या दोन्हींत नावाची मालकी तपासलीच जात नाही. डोमेन तर जो आधी पैसे भरेल त्याला मिळतं. उलट सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या सत्यम इन्फोवे निकालानुसार डोमेनलाही व्यापारी नावासारखंच संरक्षण आहे, म्हणजे मिळतंजुळतं डोमेन घेणं हाच तुमच्याविरुद्धचा मुद्दा होऊ शकतो. डॉट इन असेल तर निक्सी या डॉट इन डोमेन सांभाळणाऱ्या संस्थेच्या लवादापुढे तक्रार होऊन ते काढूनही घेतलं जातं. पुढे कंपनी काढलीत आणि नाव मंजूर झालं तरी कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक ते बदलायला लावू शकतो.

आता तुलना कशी होते ते बघा. ‘पैठणी’ हा शब्द मालाचं नाव आहे, तो कोणा एकाचा नाही. म्हणून कोर्ट दोन्ही नावांतून तो मनातल्या मनात बाजूला काढतं आणि उरलेल्या शब्दाकडे बघतं. समजा, निव्वळ उदाहरणादाखल, त्यांचं ‘मोरपंख पैठणी’ असेल आणि तुमचं ‘मोरपंखी पैठणी’, तर उरतात मोरपंख आणि मोरपंखी. दोन्ही पाट्या शेजारी ठेवून अक्षरं मोजत बसण्याची ही कसोटी नाही. सहा महिन्यांपूर्वी लग्नात कुणाकडून तरी ऐकलेलं नाव अर्धवट आठवून मोबाइलवर शोधणाऱ्या बाईची गफलत होईल का, एवढंच विचारलं जातं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही दोन नावंसुद्धा फसगत होण्याइतकी जवळची आहेत असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये म्हटलं. तुमची तर त्याहून जवळ दिसतात.

त्यांचा मार्क नोंदलेला नसला तरी सुटका नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २७(२) मुळे नोंदणी नसलेल्या पण बाजारात रुजलेल्या नावालाही ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवल्याचा, दावा करता येतो. तुमचा हेतू वाईट होता हे त्यांना सिद्ध करावं लागत नाही, लक्ष्मीकांत पटेल खटल्याच्या २००१ च्या निकालात हे आलं आहे. शिवाय भागीदार त्यांच्याकडे होती, म्हणजे नाव माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही नाही. मी तुमच्या जागी हे नाव आजच सोडेन. साइट, पिशव्या, डबे, इन्स्टाग्राम सगळं उभं राहिल्यावर बदलायचं तर खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि जुनी गिऱ्हाइकं हरवतात ती वेगळीच.

नवं नाव ठरवताना ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्चमध्ये तीन वर्ग तपासा: साडी तयार वस्त्र म्हणून २५, कापड म्हणून २४ आणि ऑनलाइन विक्रीची सेवा ३५. शब्दशोध ‘कंटेन्स’ लावून करा, ‘स्टार्ट विथ’ लावून नको, नाहीतर मधला शब्द सापडत नाही. मग फोनेटिक शोध. मराठी शब्द रोमन लिपीत लोक चार तऱ्हांनी लिहितात, शेवटी ए लावून, न लावून, एक शब्द, दोन शब्द, तेव्हा प्रत्येक तऱ्हा टाकून बघा. चिन्हात मोर किंवा कमळ असेल तर व्हिएन्ना कोडनं, म्हणजे चित्रांच्या वर्गवारीच्या क्रमांकानं, चित्रशोधही करावा लागतो, आणि पैठणीच्या धंद्यात मोर नसलेलं चिन्ह विरळाच. निकालात ‘अबॅन्डन्ड’ दिसलं म्हणून खूश होऊ नका. अर्ज सोडून दिलेला माणूस दुकान चालवत असू शकतो, आणि आधीपासूनच्या वापराचा हक्क नोंदणीवाल्यालाही भारी पडतो, कलम ३४. म्हणून गूगल, इन्स्टाग्राम, मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा आणि येवल्यातल्या पाट्या हेही बघायचंच.

‘नाशिक पैठणी’, ‘येवला पैठणी’ असली नावं सुरक्षित वाटतात, पण ती गावाचं आणि मालाचं वर्णन करतात. कलम ९ खाली हरकत येते, आणि मिळालंच तरी शेजाऱ्याला थांबवता येत नाही. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कलम ३५ ची मुभा आहे, पण येवल्यात एकाच आडनावाची किती दुकानं आहेत ते तुम्हाला माहीत आहेच. मालाशी संबंध नसलेला एखादा शब्द घेतलात तर तो सगळ्यांत बळकट ठरतो.

अर्ज टीएम-ए, ऑनलाइन. व्यक्ती किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेला लहान उद्योग असेल तर दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. आधी २५ आणि ३५ केलेत तर ९,००० मध्ये भागतं. नुसता शब्द वेगळा नोंदवा, चिन्ह नंतर. फक्त रंगीत चिन्ह नोंदवलं की संरक्षण त्या अख्ख्या चित्रापुरतं राहतं. देवनागरीत अर्ज असेल तर रोमन लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. वापर सुरू झाला नसेल तर ‘वापरण्याचा प्रस्ताव’ हाच पर्याय निवडा. घाईत जुनी तारीख टाकली की प्रतिज्ञापत्र आणि त्या तारखेची बिलं मागतात, आणि नसली तर अर्जच संशयास्पद होतो. तपासणी अहवाल आल्यावर उत्तराला एक महिना असतो, बरेच अर्ज तो ईमेल न बघितल्यामुळे मरतात. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतं. तोवर नावापुढे टीएम लिहा. गोलातला आर नोंदणी प्रमाणपत्र हाती आल्यावरच, आधी वापरणं कलम १०७ खाली दंडाला पात्र आहे.

असावली

साइटबद्दल. ‘जशीच्या तशी’ हा डेव्हलपरचा शब्द ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी असेल तर तो तुमच्याविरुद्ध पहिला पुरावा होईल. रंग बदलल्यानं काही साधत नाही. पान कसं मांडायचं, वर मेनू, मध्ये साड्या, बाजूला किंमत, हे सगळ्यांचंच असतं आणि ते घ्यायला हरकत नाही. त्यांचा कोड, त्यांचे चार ओळींचे साडीचे वर्णन, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं, परतीचं धोरण, चिन्हं आणि फोटो हे मात्र त्यांचं लिखाण आणि त्यांची चित्रं आहेत. पेजचा सोर्स उघडून उचललेल्या फायलींत मूळ डेव्हलपरच्या टिप्पण्या आणि फोल्डरांची नावं तशीच राहतात. कॉपी केलेल्या अटींत तर ‘पुणे न्यायालयाचे अधिकारक्षेत्र’ आणि दुसऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव राहून गेलेलं सर्रास दिसतं.

रंगसंगती, डब्याचा आकार, चिठ्ठीची मांडणी आणि साइटचा एकूण चेहरा हे एकत्र इतके जुळले की नाव वेगळं असूनही अडचण होते. दिल्ली उच्च न्यायालयानं २००३ मध्ये दंतमंजनाच्या लाल-पांढऱ्या डब्यावरून कोलगेट विरुद्ध अँकर खटल्यात हेच ठरवलं. चिठ्ठी द्या, पण तुमच्या कागदावर, तुमच्या मजकुरानं, तुमच्या आकारात.

सगळ्यांत जास्त घसरण फोटोंत होते. विणकर व्हॉट्सअ‍ॅपवर साडीचा फोटो पाठवतो आणि आपण तो चढवतो. तो फोटो बऱ्याचदा दुसऱ्या व्यापाऱ्यानं काढलेला असतो. साडी विणकराची असली तरी फोटो त्याचा नसतो. अशा वेळी प्रतिस्पर्धी कोर्टात जाण्याआधी इन्स्टाग्रामला कळवतो, दोन-तीन तक्रारींत खातं बंद पडतं, तेही ऐन लग्नसराईत. प्रत्येक साडीचे आपले फोटो काढा: पदर पूर्ण, काठ जवळून, बुट्टी, आणि पदराची उलटी बाजू, कारण हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते आणि सेमी, म्हणजे यंत्रमागाच्या पैठणीत मागे सुटे धागे दिसतात. मूळ फायली तारखेसह जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या फाइलमधली तारीख पुसली जाते.

इथे कायद्यातला एक फरक लोकांना माहीत नसतो. पैसे देऊन फोटो काढून घेतलात तर, वेगळा करार नसल्यास, पहिली मालकी तुमची, कॉपीराइट कायदा कलम १७(बी). पण पैसे देऊन कोड किंवा मजकूर लिहून घेतलात तर मालकी लिहिणाऱ्याची राहते, जोवर लेखी हस्तांतर नाही. पगारी नोकर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून डेव्हलपरशी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा आणि त्यात मुदत व प्रदेश लिहाच. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो, ही तरतूद लागू नाही असंही एक वाक्य घाला. डोमेन, होस्टिंग आणि पेमेंट गेटवे तुमच्या ईमेलवर हवं. थीम विकत घेतली असेल तर तिचा परवाना सहसा एकाच साइटपुरता असतो, पावती तुमच्या नावाची मागा. देवनागरी फाँट मुक्त परवान्याचे घ्या, मुक्ता किंवा बलू चालतील.

नक्षीबद्दल थोडंसं. मोर-बांगडी, मुनिया, असावली, कमळ या परंपरेतल्या नक्ष्या कोणालाही विणता येतात. एखाद्यानं खरोखर नवा पदर काढून डिझाइन कायद्याखाली नोंदवला असेल तर दहा वर्षं, वाढवून पंधरा, तो त्याचा. नोंदवला नसेल आणि त्यावरून पन्नासपेक्षा जास्त नग औद्योगिक पद्धतीनं निघाले असतील तर कॉपीराइटही संपतो, कॉपीराइट कायदा कलम १५. तरीही ‘त्या साइटवरच्यासारखाच पदर विणून द्या’ असा फोटो विणकराला पाठवू नका.

काठपदर

नाव सोडलं. वाईट वाटलं, पण पटलं. डेव्हलपरलाही कळवते. भागीदाराच्या कराराचं आणि जीआयचं कोणी सांगाल का? तिच्या फोनमध्ये जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत, त्यांना नुसता सुरुवातीचा मेसेज पाठवला तर चालेल का?

सीबीएस नाका

मेसेज अजिबात पाठवू नका. नाव सुधारता येतं, हे सुधारता येत नाही.

दोन वर्षांच्या कलमाला ती घाबरून बसली असेल तर तिला सांगा, नोकरी सोडल्यानंतर तोच धंदा करू नये ही अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नं रद्दबातल आहे. नोकरी चालू असतानाची बंदी चालते, १९६७ च्या गोलीकरी निकालाप्रमाणे. नंतरची चालत नाही, हे १९८० च्या कृष्ण मुरगई खटल्यापासून कोर्ट सांगत आलं आहे. करारावर सही केली, दंडाची रक्कम लिहिली होती, तरीही. तेव्हा ती तुमची भागीदार होऊ शकते.

पण गोपनीयतेचं कलम वेगळं असतं आणि ते टिकतं. गिऱ्हाइकांची यादी, कोणत्या विणकराला काय दर, कोणती साडी किती नफ्यानं जाते, ही माहिती तिच्या डोक्यातून पुसता येणार नाही. तिच्या अनुभवावर, नजरेवर, पैठणी ओळखण्याच्या कसबावर कोणाचा हक्क नाही. फाइल, एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅपचा निर्यात केलेला गट, स्क्रीनशॉट, हे मात्र त्यांचं. गिऱ्हाइकांची संकलित यादी ही साहित्यकृती म्हणून संरक्षित आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं १९९५ च्या बर्लिंग्टन खटल्यात, नोकरी सोडलेल्या माणसाविरुद्धच, म्हटलं होतं. मालकाच्या संगणकातून परवानगीशिवाय माहिती उतरवली असेल तर आयटी कायद्याचं कलम ४३ लागतं, आणि अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. त्यांच्या साइटवरून सगळ्या किमती आपोआप खेचणारा प्रोग्रॅम लावणंही याच कलमाच्या वाटेवर जातं. डोळ्यांनी बघून किंमत ठरवायला कोणी अडवत नाही. शिवाय त्या बायकांनी नंबर दुसऱ्या दुकानाला दिला होता, तुम्हाला नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या कायद्याचा पायाच संमतीवर आहे.

नंबर तिच्या फोनमध्ये राहिले असतील तर ते परत करून काढून टाकल्याचा ईमेल जुन्या मालकाला पाठवावा. आधी वकिलाकडून मसुदा बघून घ्या, कारण चुकीचं वाक्य लिहिलं तर तेच कबुलीजबाब ठरतं. तुमचं डोमेन कधी घेतलं तेही बघा. ती नोकरीत असतानाची तारीख निघाली तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करेल. 

नोटीस आलीच तर फोनवर बोलू नका आणि घाबरून साइटही बंद करू नका. नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या दाव्यात वादी जिथे धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, कलम १३४(२). म्हणजे तुम्ही नाशिकला असलात तरी तारखा पुण्यात पडू शकतात. नोटीस आल्या आल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ए खाली कॅव्हेट दाखल करा, पुण्यात, इथे सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आणि मुंबई उच्च न्यायालयात. ते ९० दिवस चालतं. तेवढ्या काळात तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं. तातडीची मनाई मागितली नसेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती संधी घ्या, बरेच वाद डब्याचा रंग किंवा एखादा शब्द बदलून तिथेच मिटतात.

तिसरा धोटा

जीआयचं आणि मालाचं मी सांगतो, कारण प्रतिस्पर्धी गप्प बसला तरी गिऱ्हाईक इथे गप्प बसणार नाही.

पैठणीला भौगोलिक निर्देशन आहे, बरोबर. विणकराकडून रीतसर घेतलेली अस्सल पैठणी ‘पैठणी’ म्हणून पुढे विकायला जीआय कायद्याचं कलम २२ आड येत नाही. जीआयचं चिन्ह लावायचं किंवा आपण नोंदणीकृत वापरकर्ता आहोत असं सांगायचं तर मात्र चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद लागते. तुमच्या विणकराची नोंद आहे का ते विचारा, असेल तर क्रमांक बिलावर घ्या. यंत्रमागाची साडी पैठणी म्हणून विकणं हा खोट्या निर्देशनाचा गुन्हा आहे, कलम ३९ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. म्हणून सेमी पैठणी ठेवायची असेल तर वेगळ्या पानावर ठेवा आणि शीर्षकातच ‘सेमी’ लिहा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं की ते लपवल्यासारखंच होतं.

वर्णनात चार गोष्टी खऱ्या आणि दाखवता येण्याजोग्या हव्यात: माग कोणता, रेशीम शुद्ध की मिश्र, जर कसली, आणि लांबी ब्लाउजपीससह की सोडून. ‘शुद्ध जर’ हा शब्द सगळ्यांत जास्त भांडणं लावतो. टेस्टेड जर, म्हणजे अस्सल चांदीची नसलेली, असेल तर तसंच लिहा. सिल्क मार्क लावायचा तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्क संस्थेचं सदस्यत्व घेऊन त्यांचीच लेबलं घ्यावी लागतात, इंटरनेटवरून चित्र उतरवून नाही.

विणकराशी बोलताना एक प्रश्न आधी विचारा: रेशीम आणि जर कोणाची? येवल्यात पुष्कळ जण मजुरीवर विणतात. माल व्यापाऱ्याचा असतो आणि साडीही त्याचीच. ती परस्पर तुम्हाला विकली तर विणकरावर विश्वासघाताचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, आणि तुम्ही त्यात ओढल्या जाल. दुसरं, पुण्याच्या साइटशी त्याचा ‘फक्त तुम्हालाच’ असा करार चालू आहे का? चालू कराराची अशी अट टिकू शकते, आणि माहीत असून तो मोडायला लावणं तुमच्यावर येतं. साध्या कागदावर लिहून घ्या की कच्चा माल माझा आहे आणि ही साडी विकायला मी मोकळा आहे. नाव आणि फोटो चिठ्ठीवर छापायला संमतीही त्याच कागदावर.

माल विकत घेऊन तुम्ही स्वतः विकणार, म्हणजे २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत तुम्ही ‘इन्व्हेंटरी’ प्रकारात. साइटवर कायदेशीर नाव, पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार अधिकारी हवा. दोघीच असाल तर दोघींपैकी एक. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्यात. संमतीची चौकट आधीच टिक केलेली चालत नाही. ‘ऑर्डरनं विणलेली साडी परत नाही’ असं लिहायला हरकत नाही, पण साडी सदोष असेल किंवा दाखवल्यासारखी नसेल तर परत घ्यावीच लागते, वर कितीही ठळक लिहा. नातेवाइकांकडून खोटी परीक्षणं टाकून घेणंही याच नियमांत निषिद्ध आहे. ‘शेवटची एकच साडी उरली’ असं खोटं दाखवणं २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक सूचनांत बसतं.

बंद पॅकमध्ये पाठवत असाल तर वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पॅकबंद करणारा म्हणून ९० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा. एमआरपी, मोजमाप, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा नंबर साइटवरही दिसला पाहिजे. राज्याबाहेर माल जाणार, तेव्हा जीएसटी पहिल्या ऑर्डरच्या आधी सीएकडून बघून घ्या.

काठपदर

फारच उपयोग झाला सगळ्यांचा. शेवटचं एक. गूगलवर त्यांचं नाव शोधणाऱ्याला माझी जाहिरात दिसावी असं डेव्हलपर सुचवतो. आणि ‘त्यांच्यापेक्षा स्वस्त’ असं लिहिलं तर?

नोंदवही

प्रतिस्पर्ध्याचं नाव फक्त कीवर्ड म्हणून लावणं म्हणजे आपोआप उल्लंघन नव्हे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये गूगल विरुद्ध डीआरएस प्रकरणात म्हटलं, पण गोंधळ होत असेल तर जबाबदारी येते असंही म्हटलं. जाहिरातीच्या मथळ्यात किंवा लिंकमध्ये त्यांचं नाव आलं की गोंधळ झालाच समजा. गूगलमध्ये ‘डायनॅमिक’ मथळ्याची सोय बंद ठेवा, ती लावलेला कीवर्ड आपोआप मथळ्यात घालते आणि जाहिरातदाराला पत्ताही लागत नाही. भागीदाराचा इतिहास बघता पहिलं वर्ष तरी हा कीवर्ड लावूच नये असं मला वाटतं. ‘येवला पैठणी ऑनलाइन’, ‘हातमाग पैठणी नाशिक’ यांवर पैसे घाला.

‘स्वस्त’ लिहायचं तर तीच जर, तेच रेशीम, तोच प्रकार, आणि त्या दिवसाच्या किमतीचा तारखेसह स्क्रीनशॉट हवा. आपली स्तुती कितीही करा, त्यांच्या मालाला कमी लेखू नका. किमती ठरवायला त्यांना फोन करून ‘दोघं मिळून एवढ्याच्या खाली जायचं नाही’ असं ठरवणं तर स्पर्धा कायद्याच्या कलम ३ नं थेट बंद आहे, चांगल्या हेतूनंसुद्धा नको.

नवं नाव सापडलं की शोधाच्या निकालांची तारखेसह पीडीएफ काढा, त्याच दिवशी डोमेन घ्या, त्याच आठवड्यात टीएम-ए भरा, आणि शॉप अ‍ॅक्ट व उद्यममधलं जुनं नाव बदलून घ्या. ते बदलायचं राहिलं तर पहिल्या बिलावर जुनंच नाव छापून जाईल.